फाल्गुनातली ग्रामपंचायत आणि फडावर गेलेले मतदार

तुमचा प्रश्न असा आहे: धारूर तालुक्यातलं गाव, ग्रामपंचायतीची मुदत संपत आलेली, निवडणूक होळी-पाडव्याच्या सुमारास लागेल असा अंदाज. तुम्ही काही मुलं-मुली मिळून मतदार जागृती करायची म्हणताय. प्रभातफेरी, पथनाट्य, भिंतीवर घोषणा असं डोक्यात आहे. पण गावातली मोठी माणसं म्हणतात की पाकीट घेतल्याशिवाय इथं कुणी मत देत नाही, तुम्ही उगाच कशाला पडता त्यात. शिवाय एखाद्या पॅनेलचा शिक्का बसेल अशी भीती आहे. तर सुरुवात कुठून करावी?

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होते. अंबाजोगाई-केज भागात बरीच वर्षं बीएलओचं, म्हणजे गावात मतदार यादी सांभाळणाऱ्या केंद्रस्तरीय अधिकाऱ्याचं काम केलं, मतदान केंद्रावर केंद्राध्यक्ष म्हणून बसले, आणि निवृत्तीनंतर बचत गटांच्या बायांबरोबर हेच काम करते आहे. जे सांगते ते या कामातून आलेलं आहे. तुमच्या गावाला ते जसंच्या तसं लागू पडेलच असं नाही. कुठे फरक पडू शकतो तेही सांगत जाईन.

आधी एक गोष्ट. ‘मतदान करा’ हे आपल्या गावांना सांगावं लागत नाही. लोकसभेला कंटाळा करणारा माणूस ग्रामपंचायतीला पुण्याहून रात्रीची गाडी पकडून येतो. इथे जागा दोन-चार मतांनी जातात, समसमान मतं पडली तर चिठ्ठी काढून निकाल लागतो, त्यामुळे एकेक मत शोधून आणलं जातं. मग प्रभातफेरीत पोरांनी ओरडून सांगायचं ते काय? खरा प्रश्न दोन ठिकाणी आहे. एक, ज्यांना मत द्यायचं आहे त्यांचं नाव यादीत आहे का, आणि त्या दिवशी ते गावात असतील का. दुसरा, मत देणाऱ्याला ग्रामपंचायत काय करू शकते, तिच्याकडे पैसा किती येतो आणि तो कसा खर्च होतो याची माहिती आहे का. ही माहिती नसते म्हणून मत भावकीवर, जातीवर आणि पाकिटावर जातं. तुमची शक्ती या दोन कामांवर लावा. पथनाट्य वेळ उरला तर करा.

यादीपासून सुरू करू, कारण यादीची मुदत निघून गेली की मग काहीच करता येत नाही.

ग्रामपंचायतीसाठी राज्य निवडणूक आयोग वेगळी मतदार नोंदणी करत नाही. आयोग एक तारीख ठरवून देतो. त्या तारखेला विधानसभेच्या यादीत जी नावं असतील तीच प्रभागवार फोडून ग्रामपंचायतीची यादी बनते. ती तहसीलमध्ये प्रारूप म्हणून लागते, थोडे दिवस हरकती घेतात, मग अंतिम होते. दर निवडणुकीला माणसं त्या हरकतींच्या दिवसांत नवीन नाव घालायला धावतात आणि हात हलवत परत येतात. त्या टप्प्यावर फक्त एवढंच होतं: नाव चुकीच्या प्रभागात गेलं असेल, विधानसभेच्या यादीत असूनही इथे सुटलं असेल, किंवा लिहिण्यात चूक झाली असेल, तर दुरुस्ती. नवीन नाव तिथे चढत नाही. म्हणून नवीन नावाचा अर्ज आत्ताच, विधानसभेच्या यादीसाठी भरायचा. तारीख जाहीर होण्याची वाट बघू नका, जाहीर झाली की उशीर झालेला असतो.

अर्ज तीन लक्षात ठेवा. नमुना ६ पहिल्यांदा नाव नोंदवणाऱ्यासाठी. नमुना ७ नाव वगळण्यासाठी किंवा हरकतीसाठी. नमुना ८ दुरुस्तीसाठी आणि पत्ता बदलण्यासाठी. लग्न होऊन गावात आलेल्या मुलीचं नाव माहेरच्या यादीत असेल तर तिला नमुना ८ लागतो. तिच्याकडून नवीन म्हणून नमुना ६ भरून घेऊ नका. दोन्हीकडे नाव राहिलं तर ती कायद्याने अडचणीत येते. अर्ज बीएलओकडे देता येतो, निवडणूक आयोगाच्या मोबाइल ॲपवरूनही भरता येतो, आणि शंका असेल तर १९५० हा क्रमांक आहे. १८ वर्षांच्या पोरांचं गणित नीट समजून घ्या. १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा वर्षाला चार पात्रता तारखा असतात. १७ पूर्ण झाली की आगाऊ अर्ज देता येतो, पण ज्याचा वाढदिवस फेब्रुवारीत आहे त्याचं नाव १ एप्रिलच्या तारखेने येईल, म्हणजे मार्चमध्ये मतदान झालं तर त्याला मत नाही. हे आधीच सांगा, नाहीतर तो पोरगा केंद्रावरून रागाने परत जातो आणि तुमच्यावरचा त्याचा विश्वास जातो.

आता यादी वाचायची कशी. विधानसभेच्या यादीचे भाग मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर मिळतात. छापून घ्या. दोघं बसा, एकाने मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने खूण करायची, आणि भोवती त्या गल्लीतली माणसं हवीत. ‘यादीवाचन’ म्हणून दवंडी द्या, लोक येतात, कारण आपलं नाव ऐकायला सगळ्यांना आवडतं. एक पथ्य मात्र पाळा. सगळं गाव मारुतीच्या पारावर बोलावू नका. पारावर कोण येऊन बसतं आणि कोण लांब उभं राहतं हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल. भीमनगरात वेगळं वाचन, वडारवस्तीत वेगळं, तांड्यावर वेगळं, शेतातल्या वस्त्यांवर वेगळं. तांड्यावर गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली, बोलणारी मुलगी तुमच्यात असेल तर वाचन तिनेच करावं. बायांसाठी संध्याकाळची वेळ चालत नाही, त्या चुलीजवळ असतात. दुपारी तीनच्या आसपास जा.

या वाचनात मेलेल्यांची नावं निघतील, आणि इथे मी तुम्हाला थांबवते. नमुना ७ जपून वापरा. मृताचं नाव काढायचं तर त्याच्या घरच्यांना सांगून, त्यांच्याच सहीने. ‘हा पुण्यात राहतो, याचं नाव काढा’ असे गठ्ठ्याने अर्ज देण्याच्या भानगडीत पडू नका. विरोधी पॅनेलची मतं कापायला हे हत्यार नेहमी वापरलं जातं, आणि तुमच्या हातून ते चाललं की तुमचं काम त्याच दिवशी संपलं.

हे तुमच्या तालुक्यात जास्तच महत्त्वाचं आहे, कारण निम्मं गाव ऊसतोडीला जातं. फाल्गुनात निवडणूक लागली तर तुमचे किती कोयते, म्हणजे ऊस तोडणारी जोडपी, गावात असतील? टोळ्या दसरा-दिवाळीनंतर निघतात, कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे गाळप हंगाम संपून मार्च-एप्रिल येईपर्यंत, कोल्हापूर, सांगली, सातारा, नाहीतर कर्नाटकात फडावर असतात. मग कुणीतरी तहसीलला अर्ज करतं की ही माणसं गावात राहतच नाहीत. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५० च्या कलम २० मध्ये स्पष्ट आहे की माणूस तात्पुरता बाहेर गेला म्हणून त्याचं सर्वसाधारण राहणं संपत नाही. त्याचं घर, म्हातारे आई-वडील, रेशनकार्ड, शेत इथेच आहे. तो फडावरच्या कोप्यात, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, राहतो ते हंगामापुरतं. हा मुद्दा कागदावर लिहून ठेवा आणि टोळी निघायच्या आधी प्रत्येक कोयत्याला समजावून सांगा. नाव वगळण्याची नोटीस दाराला लावली तर घरात मागे राहिलेल्या आजीला ती वाचता आली पाहिजे, निदान तुमच्याकडे आणून देता आली पाहिजे.

मतदानाला यायचं कसं, हा त्याहून अवघड प्रश्न. फडावरून पोस्टाने मत पाठवायची सोय ऊसतोड कामगाराला नाही. यायचं तर एक-दोन दिवसांची मजुरी बुडते, येण्या-जाण्याचा खर्च होतो, बैल असले तर ते कुणाच्या हवाली करायचे ही काळजी. म्हणून गाडी उमेदवार पाठवतो किंवा टोळी नेणारा मुकादम भरून आणतो. ज्या मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ घेतलेली रक्कम, अंगावर आहे त्याच्याच गाडीतून उतरून मत द्यायचं, तेव्हा ते मत किती मोकळं राहतं? याला माझ्याकडे सोपं उत्तर नाही. एका गावात आम्ही एवढं केलं की टोळ्या निघताना प्रत्येक टोळीतल्या एकाचा फोन नंबर घेतला, अर्ज कुणी भरले, पॅनेल किती झाली, जाहीर काय काय केलं ही माहिती दोन्ही बाजूंची सारखी, आवाजातून रेकॉर्ड करून त्यांना पाठवत राहिलो. वाचता न येणाऱ्यांनाही ती ऐकता आली. गाडी कुणाची का असेना, गाडीत बसताना त्यांच्याकडे स्वतःची माहिती होती. तारीख ठरवण्याआधी तहसीलदारांना निवेदन देऊन गावातली किती कुटुंबं हंगामाला बाहेर आहेत हे आकड्यांसह कळवणंही योग्य. तारीख आयोग ठरवतो, तुमच्या निवेदनाने ती बदलेल असं समजू नका, पण गावाची परिस्थिती नोंदीवर राहते.

आता पाकिटाबद्दल. ‘हजार रुपयांना मत विकलं, म्हणजे पाच वर्षांत दिवसाला पंचावन्न पैसे’ हे गणित भाषणात टाळ्या घेतं. मी ते सांगायचं सोडून दिलं. ज्या बाईच्या घरात उचल फिटलेली नाही, टँकरच्या पाण्यावर दिवस ढकलायचे आहेत, तिला हजार रुपये म्हणजे काय ते आपल्यापेक्षा चांगलं कळतं. तिला लाज वाटेल असं बोललं की ती सभेला यायची बंद होते. पैसे देणाऱ्याला कुणी बोलत नाही आणि घेणाऱ्या गरिबाला सगळे शहाणपण शिकवतात, हे मला पटत नाही. कायदा तिला सांगावा लागतो, कारण भारतीय न्याय संहितेच्या कलम १७० प्रमाणे मतासाठी देणारा आणि घेणारा दोघेही गुन्हेगार ठरतात, कलम १७३ मध्ये एक वर्षापर्यंत शिक्षा आहे. पण कायदा सांगून थांबलात तर ती फक्त घाबरेल.

त्याहून उपयोगाच्या दोन गोष्टी आहेत. पहिली, मत गुप्त असतं हे पटवणं. बाया मला विचारतात, ‘मॅडम, त्यांना कळतं ना?’ मी केंद्रावर बसलेली असल्यामुळे त्यांना खात्रीने सांगू शकते. नोंदवहीत तुमचा अनुक्रमांक आणि सही-अंगठा असतो, यंत्रात तुम्ही कुठलं बटण दाबलं ते तुमच्या नावाशी जोडलेलं नसतं. आडोशामागे दुसरं कुणी येऊ शकत नाही. मोबाइल आत नेता येत नाही, त्यामुळे ‘फोटो काढून दाखव’ म्हणणाऱ्याला दाखवायला काही नसतं. प्रभाग छोटे असल्यामुळे कुठल्या वस्तीतून मतं मिळाली याचा अंदाज उमेदवार बांधतात, हे खरं आहे आणि ते लपवू नका. पण एकट्या माणसाचं मत कुणालाच कळत नाही.

दुसरी गोष्ट शपथेची. आपल्याकडे पाकिटाबरोबर देवाचा बेलभंडार हातात घेऊन शपथ घ्यायला लावतात, लेकराच्या डोक्यावर हात ठेवायला लावतात. पैसे विसरले जातात, शपथ विसरली जात नाही. देवाच्या कोपाची भीती घालून मत मागणं हा न्याय संहितेच्या कलम १७१ प्रमाणे मतदारावर गैरवाजवी दडपण आणण्याचा गुन्हा आहे, तसं शब्दांतच लिहिलेलं आहे. पण बाईच्या मनातली भीती कलमाने जात नाही. केज तालुक्यातल्या एका बैठकीत एका माळकरी आजीनेच हा प्रश्न सोडवला. धाकाने घातलेली शपथ देव धरत नसतो, उलट लेकराची शपथ घालणाऱ्यालाच पाप लागतं, असं तिने सगळ्यांसमोर सांगितलं. मी तासभर बोलून जे झालं नसतं ते तिच्या एका वाक्याने झालं. तुमच्या गावात असं वजन असलेलं कोण आहे ते शोधा: एखादी दिंडीला जाणारी आजी, एखादे कीर्तनकार, एखादे मौलवी. त्यांनी कुणाला मत द्या हे सांगायचं नाही, फक्त धाकाच्या शपथेबद्दल बोलायचं. आणि हे बोलणं देवळात-मशिदीत नको, कुणाच्या तरी अंगणात.

आता माझ्या मते सगळ्यात फळ देणारं काम, पंचायतीचा हिशेब. निवडणुकीतल्या गप्पा कशावर होतात बघा: कर्जमाफी, पीकविमा, आरक्षण, आमदार कुणाचा. यातलं ग्रामपंचायतीच्या हातात काय आहे? काहीच नाही. तिच्या हातात पिण्याचं पाणी, नाल्या, दिवाबत्ती, गावातले रस्ते, घरपट्टी-पाणीपट्टी, जन्म-मृत्यूची नोंद, रोजगार हमीच्या कामांची निवड, घरकुलाच्या यादीवर ग्रामसभेतली चर्चा असं बरंच काही आहे, आणि त्यावर कुणी उमेदवाराला विचारत नाही.

पैसाही कमी नाही. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतले ८० टक्के थेट ग्रामपंचायतीला आणि १०-१० टक्के पंचायत समिती व जिल्हा परिषदेला अशी वाटणी राज्यात होती. त्यातला मोठा वाटा, ६० टक्के, पाणी आणि स्वच्छता यांच्यासाठीच बांधलेला होता. म्हणजे उन्हाळ्यात हंडे घेऊन रांगेत उभं राहणाऱ्या गावाने हा पहिला प्रश्न विचारायचा: पाण्यासाठी बांधून आलेले पैसे कुठल्या कामाला लागले? याशिवाय पंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. आमच्या बचत गटाच्या बायांना या १० टक्क्यांचं कळलं त्या दिवसापासून त्यांचे प्रश्नच बदलले. ‘साडी देणार का’ ऐवजी ‘आमच्या दहा टक्क्यांचं काय केलं’ असं त्या विचारायला लागल्या, आणि ते विचारताना कुणाचा आवाज खाली नव्हता.

ही माहिती काढायची कशी? ई-ग्रामस्वराज संकेतस्थळावर गावाचा विकास आराखडा आणि खर्च दिसतो, तो मोबाइलवर बघता येतो. तिथे जे काम ‘पूर्ण’ दाखवलं आहे ते शिवारात जाऊन बघा. ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे, ज्यांना आपण अजून ग्रामसेवकच म्हणतो, अंदाजपत्रक मागा. ते नमुना १ मध्ये असतं. तोंडी मागून मिळालं तर उत्तम, माझा अनुभव असा की चहा घेत नीट विचारलं तर बरेच जण देतात. नाही दिलं तर माहिती अधिकाराचा अर्ज, १० रुपयांचं तिकीट, ३० दिवस. ३० दिवस लागतात म्हणून अर्ज आत्ताच हवा. आचारसंहिता लागली नसेल तर २६ जानेवारीच्या ग्रामसभेत हे सगळं विचारता येईल. कोरम गावच्या मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यातला कमी आकडा एवढाच असतो. शंभर माणसं जमवणं तुम्हाला जड नाही.

मिळालेली माहिती एका पानात बसवा. वर गावाला काय मिळालं, खाली कशावर गेलं, शेवटी गावचे पाच प्रश्न. हे प्रश्न तुम्ही घरी बसून लिहू नका. यादीवाचनाच्या वेळी प्रत्येक वस्तीत विचारा आणि ज्या वस्तीचा प्रश्न त्या वस्तीच्या नावाने पानावर टाका. मग ते पान सगळ्या उमेदवारांना, एकाच दिवशी, एकाच पद्धतीने द्या आणि लेखी उत्तर मागा. जो उत्तर देईल त्याचं उत्तर जसंच्या तसं वाचून दाखवा, जो देणार नाही त्याच्या नावापुढे ‘उत्तर आलं नाही’ एवढंच म्हणा, त्यावर शेरा मारू नका. काही गावांत सगळ्या पॅनेलना एका मंचावर बोलावून प्रश्न विचारतात. निवडणूक निर्णय अधिकारी आणि पोलीस ठाण्याची परवानगी घेऊन ते होऊ शकतं, पण तुमच्या गावात दोन गटांत पूर्वीची भांडणं असतील तर हा कार्यक्रम करू नका. लेखी उत्तरांनी काम भागतं आणि कुणाचं डोकं फुटत नाही.

बायांपर्यंत जायला तुम्हाला वेगळा कार्यक्रम लागत नाही. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदी-कुंकू असतं, ते निवडणुकीच्या बरोबर आधी येतं. बचत गटाची महिन्याची बैठक असते. तिथे जागा मागून घ्या आणि तुमच्यातल्या मुलींनीच जावं. निम्म्या जागा बायांसाठी आहेत, तेव्हा उमेदवारही त्याच बैठकीत बसलेली असते. तिला पहिल्यांदा तिथेच बोलायला लावा, नवरा किंवा दीर शेजारी नसताना. पुढे पाच वर्षं कागदावर तिचं नाव आणि कारभार दुसऱ्याचा असं व्हायचं की नाही, याची सुरुवात इथे होते.

मत द्यायची पद्धतही समजावून सांगा, कारण लोकसभेपेक्षा ती वेगळी आहे. सरपंच थेट लोकांतून निवडायचा, आणि प्रभागात दोन-तीन जागा असतील तर प्रत्येक जागेचं वेगळं मत. म्हणजे एका माणसाला तीन-चार वेळा बटण दाबायचं असतं. म्हातारी माणसं एक बटण दाबून बाहेर येतात, आणि मत अपुरं राहिलं म्हणून आत गोंधळ होतो. पुठ्ठ्याचं यंत्र करून सराव घ्या. त्यावर चित्रं काढू नका, फक्त आकडे घाला. ग्रामपंचायत पक्षाच्या चिन्हांवर होत नाही, उमेदवाराला मिळणारी मुक्त चिन्हं कपबशी, छत्री अशी घरातलीच असतात, आणि तुमच्या पुठ्ठ्यावरची छत्री उद्या एखाद्याचं चिन्ह निघायची. नोटाबद्दल, म्हणजे ‘वरीलपैकी कुणी नाही’ या बटणाबद्दल विचारतील; त्याला सगळ्यात जास्त मतं पडली तर काय होतं ते निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांना विचारून मगच सांगा. ज्याच्या नावावर आधीच कुणी मत टाकून गेलं असेल त्याने भांडत परत जाऊ नये, केंद्राध्यक्षाकडे प्रदत्त मत मागावं. डोळ्यांनी अधू माणसाला सोबती घेता येतो, पण एकच कार्यकर्ता दिवसभर दहा म्हाताऱ्यांचा सोबती होऊन आत जाताना दिसला तर केंद्रावरच्या उमेदवाराच्या प्रतिनिधीने लगेच हरकत घ्यावी. मी केंद्रावर असताना हे फार पाहिलं आहे. ८५ वर्षांवरच्यांना घरून मतदानाची जी सोय लोकसभा-विधानसभेला पाहिली ती इथे गृहीत धरू नका. खाट उचलून आणायची असेल तर माणसं आधीच ठरवा.

‘गाव बिनविरोध करू’ असा सूर निघेल, तेव्हा तुम्ही काय म्हणणार? बिनविरोध वाईट नाही. सगळ्या वस्त्या बसून, बायांना विचारून, कुणालाही अर्ज मागे घ्यायला न लावता ठरलं तर चांगलंच आहे. पण मंदिराला कोण जास्त देणगी देतो त्याला सरपंचपद असा लिलाव झाला तर तो मताधिकाराचाच सौदा आहे. २०२१ मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातल्या खोंडामळी या ग्रामपंचायतींची निवडणूक राज्य निवडणूक आयोगाने अशा लिलावावरूनच रद्द केली होती. हे उदाहरण शांतपणे, नावानिशी सांगा. ज्यांना गावाची बदनामी नको असते ते ऐकतात.

शिक्का बसण्याबद्दल. तो बसणार नाही याची हमी कुणी देऊ शकत नाही, पण काही नियम पहिल्या दिवशी लिहून सगळ्यांनी सही केली तर बराच वाचतो. तुमच्या गटात प्रत्येक वस्तीतलं आणि प्रत्येक मोठ्या भावकीतलं कुणीतरी हवं. ज्याच्या घरातला माणूस अर्ज भरेल त्याने त्या दिवसापासून बाजूला व्हायचं, आणि हे गावाला सांगून करायचं. कुणाचा चहा, बॅनर, झेरॉक्सचा खर्च घ्यायचा नाही; पंधरा-वीस घरांतून दहा-दहा रुपये जमवले तर पानं छापून होतात. गटातल्या कुणाच्याही मोबाइलच्या स्टेटसवर उमेदवाराचा फोटो दिसता कामा नये. आणि मतदानाच्या आदल्या रात्री पाकिटं वाटणाऱ्यांच्या मागे फिरू नका, व्हिडिओ काढायला अंधारात जाऊ नका. ते काम पोलिसांचं आहे. माहिती मिळाली तर ११२ ला आणि निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांना कळवा, वेळ लिहून ठेवा, आणि घरी थांबा. मुली बरोबर असतील तर हे मी विनंती म्हणून सांगत नाही, अट म्हणून सांगते.

क्रम असा ठेवा: टोळ्या निघायच्या आधी फोन नंबर आणि यादीवाचन, त्याबरोबरच नमुना ६ आणि ८ चे अर्ज, माहितीचा अर्जही याच महिन्यात. संक्रांतीनंतर हिशेबाचं पान आणि बायांच्या बैठका. प्रारूप यादी लागली की गटातल्या दोघांनी रोज तहसीलवर नजर ठेवायची. उमेदवारांचे अर्ज आले की प्रश्न. सराव शेवटच्या आठवड्यात, आधी केला तर लोक विसरतात. हे सगळं जमणार नसेल, आणि सुगी, बारावीच्या परीक्षा, लग्नसराई बघता सगळं जमणं अवघडच आहे, तर यादी आणि हिशेबाचं पान एवढं तरी करा. २५ जानेवारीला राष्ट्रीय मतदार दिवस असतो, शाळेत कार्यक्रम होतोच. प्रभातफेरीची हौस तिथे मुख्याध्यापकांबरोबर भागवून घ्या, आणि त्याच दिवशी १७-१८ वर्षांच्या पोरांचे अर्ज भरून घ्या.

दोन गोष्टी मला कळवा, म्हणजे पुढचं नेमकं सांगता येईल. तुमच्याकडे प्रभाग किती आणि सरपंचपदाची आरक्षण सोडत झाली आहे का? आणि अजून किती टोळ्या गावात आहेत? एखादी उद्या-परवा निघणार असेल तर माझ्या उत्तराची वाट न बघता यादीची प्रत घेऊन आज संध्याकाळीच त्यांच्याकडे जा.